दुसरा हात

हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याखाली,
शमशादने परवा दोन चौकोन मारले,
शेजारी शेजारी, वहीच्या पानाएवढे.
शेडकार्डावर त्यांना आकडे आहेत आणि इंग्रजी नावं,
वाळवंट, कुजबुज, असलं काहीतरी.
मी डावीकडच्याला सातू म्हणते.
उजवीकडचा खरवस, गुळाचा नव्हे, साखरेचा,
जरा जास्त शिजलेला.
शमशाद म्हणतो, काकी, दोनों सेम तो है.
बावीस वर्षं रंगात बुडवलेली त्याची बोटं
आणि म्हणतो सेम.

कन्नमवार नगरातला आमचा हा तिसरा रंग.
पहिला बोर्डाचाच, चुना, पाठ टेकली की ब्लाउजला लागायचा.
दुसरा पिस्ता, मुलगा दहावीला होता तेव्हा.
कपाटामागे तो अजून आहे,
परवा कपाट सरकवलं तर इतका ताजा
की मला उगाच त्याच्यासमोर पदर सारखा करावासा वाटला.
बिल्डिंग पाडणार, पाडणार, वीस वर्षं ऐकतोय.
खालच्या पेडणेकरीण म्हणाल्या, आता कशाला रंग?
मी म्हटलं, पाडेपर्यंत बघायचंय ना.

सकाळी सातू बरा वाटतो.
ट्यूबलाइटखाली दोन्ही आजारी.
चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या नव्या टॉवरच्या काचा
ऊन उचलून आमच्या हॉलमध्ये टाकतात,
पंधरा मिनिटं, वापरलेलं, पण ऊन.
तेव्हा खरवसात जीव येतो
आणि सातू गप्प बसतो बाजूला,
लग्नात मुलीकडच्या गरीब मामासारखा.
रोज ठरवते. रोज रात्री मोडते.

शेवटी यांना विचारलं.
यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू गेल्या सोमवारी काढला,
डाव्याचा महिन्याने.
दिवसातून चार वेळा थेंब मी घालते,
मान वर करून बसतात आणि तोंडही उघडतात.

काळा चष्मा कपाळावर सरकवून
हे भिंतीसमोर उभे राहिले,
कारखान्यात एकतीस वर्षं मापं तपासली
त्याच पवित्र्यात, हात मागे.
डावा डोळा तळव्याने झाकला.
"हा गार. दूध आहे. आणि ह्यात जरा राख."
मग उजवा झाकला.
"आता दोन्ही चहा."
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
दूध. चहा. दूध. चहा.
सत्तरीचा माणूस हसायला लागला,
"अगं, मी इतकी वर्षं चहातून बघत होतो की काय?"

मग माझ्याकडे वळले.
डावा झाकून बघितलं, बराच वेळ.
उजवा झाकून बघितलं.
मी काही विचारलं नाही.
गॅसवर काहीतरी ठेवल्यासारखी आत गेले.
गॅसवर काहीही नव्हतं.
कोरडे हात पुसत राहिले.
बाहेरून आवाज आला,
"हा तुझा गाऊन जांभळा आहे?
मी चार वर्षं तपकिरी समजत होतो."
एवढंच.

संध्याकाळी शमशादचा फोन, काकी, कौन सा?
म्हटलं, सातूचा एक हात मारून ठेव.
दुसरा हात, यांचा दुसरा डोळा झाल्यावर.
ऐसा नहीं होता काकी, म्हणाला.
होत नाही, मलाही माहीत आहे.

रात्री पाणी प्यायला उठले
तेव्हा हॉलचा दिवा लावून, कुणी बघत नाहीसं पाहून,
एक डोळा झाकला. मग दुसरा.
दोन्हीकडून चहा.
एकात साखर थोडी जास्त.